दिवाळीआधी एक नाव लिहून ठेवा

तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या वकील, पत्रकार, शिक्षक आणि कार्यकर्ते मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी रायगड जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात गेली तेवीस वर्षं वकिली करते. पत्राचं कारण आधीच सांगून टाकते. दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरातून दर वर्षी मानवी हक्क आणि लोकशाहीसाठी झटणाऱ्यांना एक पुरस्कार दिला जातो, ग्वांगजू मानवी हक्क पुरस्कार. त्यासाठी देशोदेशीच्या व्यक्तींकडून आणि संस्थांकडून नावं मागवली जातात. त्यात आपल्याकडची नावं जायला हवीत, असं मला मनापासून वाटतं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्था त्यांना माहीत असलेली नावं पाठवतीलच. मी म्हणते आहे ती पाड्यावरची, तांड्यावरची, गावाबाहेरच्या वस्तीवरची नावं. ती तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक नाहीत.

या पुरस्काराबद्दल मी पहिल्यांदा वाचलं ते २०११ मध्ये. तो डॉ. बिनायक सेन यांना मिळाला होता. आदल्या डिसेंबरात छत्तीसगडमधल्या न्यायालयाने त्यांना राजद्रोहाच्या आरोपावरून जन्मठेप सुनावली होती, आणि एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला होता. त्या जामिनावरून आमच्या बाररूममध्ये दोन दिवस कडाक्याचा वाद झाला होता, म्हणून बातमी डोक्यात राहिली. मग मागचं वाचत गेले. २००७ मध्ये हाच पुरस्कार मणिपूरच्या इरोम शर्मिला यांना मिळाला होता. सैन्याला विशेषाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्धच्या त्यांच्या उपोषणाला तेव्हा सहा वर्षं उलटून गेली होती, त्या कोठडीत होत्या आणि नाकातल्या नळीवाटे त्यांना अन्न दिलं जात होतं. आपल्याच देशातल्या कितीतरी लोकांना तोवर ती बाई कोण हे माहीत नव्हतं. ग्वांगजूच्या लोकांना ती दिसली कशी, हा प्रश्न मला पडला. त्याचं उत्तर त्या शहराच्या गोष्टीत आहे, आणि ती इथे थोडी सविस्तर सांगायला हवी.

१७ मे १९८० च्या रात्री दक्षिण कोरियाच्या लष्कराने मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, देशभर लागू केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्वांगजूच्या चोन्नाम विद्यापीठाच्या फाटकासमोर जमलेल्या विद्यार्थ्यांना पॅराट्रूपर सैनिकांनी लाठ्यांनी झोडपून काढलं. मग रस्त्यावर दिसेल त्यालाच मार बसू लागला, तसं सगळं गाव बाहेर आलं. २० तारखेला टॅक्सीवाले आणि बसवाले दिवे लावून गाड्यांची रांग घेऊन निघाले. २१ ला दुपारी प्रांतिक कार्यालयासमोरच्या गर्दीवर सैन्याने गोळ्या झाडल्या. त्यानंतर सैन्य शहराबाहेर सरकलं आणि पुढचे काही दिवस शहर नागरिकांनीच चालवलं. इस्पितळांत रक्त द्यायला रांगा लागल्या. बाजारात बसणाऱ्या बायकांनी भात शिजवून त्याचे गोळे वळले आणि रस्त्यावरच्या पोरांना वाटले. २७ मेला पहाटे रणगाडे परत आले. प्रांतिक कार्यालयात शेवटपर्यंत थांबलेल्यांतले बरेच जण तिथेच मारले गेले. दीडशेहून जास्त नागरिक मेल्याचं सरकारी नोंदीही मान्य करतात. घरच्यांना ज्यांचा पत्ताच लागला नाही, ते वेगळेच.

खरा अन्याय त्यानंतरही चालू राहिला. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. मेलेल्यांना दंगलखोर आणि कम्युनिस्टांचे हस्तक ठरवण्यात आलं. ज्यांच्या हुकमतीखाली हे घडलं ते जनरल चुन डू-ह्वान पुढे १९८८ पर्यंत राष्ट्राध्यक्ष होते. त्या काळात आईने मुलाच्या थडग्यावर उघडपणे रडायचीही सोय नव्हती. तरीही लोकांनी कागद जपले. विद्यार्थ्यांच्या डायऱ्या, हाताने छापलेली पत्रकं, इस्पितळातल्या नोंदी, फोटो, जर्मन वार्ताहर युर्गेन हिन्झपेटर यांनी देशाबाहेर नेलेलं चित्रीकरण, नंतर लष्करी खटल्यांची कागदपत्रं. १९९६ मध्ये चुन यांना शिक्षा झाली. पुढच्या वर्षअखेरीला त्यांना माफीही मिळाली, पण दंगलखोर कोण होतं हा प्रश्न तोवर निकालात निघाला होता. २०११ मध्ये युनेस्कोने त्या कागदांचा जागतिक स्मृतिनोंदीत समावेश केला. त्यात शाळकरी मुलांनी लिहिलेल्या ओळीही आहेत.

१९९४ मध्ये त्या दिवसांतून वाचलेले लोक, मेलेल्यांचे घरचे आणि शहरातले नागरिक यांनी मिळून १८ मे स्मृती प्रतिष्ठान स्थापन केलं. नुकसानभरपाई म्हणून हाती आलेल्या पैशांतला काही भाग लोकांनी त्यात घातला. २००० पासून तेच प्रतिष्ठान हा पुरस्कार देतं. पहिला मान पूर्व तिमोरच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते शनाना गुस्माव यांना मिळाला. मागे कोणी राजा, उद्योगपती किंवा सरकार असलेले पुरस्कार पुष्कळ आहेत. हा पुरस्कार देणाऱ्यांनी आपली माणसं गमावली आहेत आणि ती माणसं खरोखर होती हे सिद्ध करण्यात उमेदीची वर्षं घालवली आहेत. त्यामुळे ज्यांना मिळाला त्यांची यादी वाचताना एक धागा दिसतो. २००६ मध्ये तो थायलंडच्या अंगखाना नीलापैजित यांना मिळाला. त्यांचे पती सोमचाय हे वकील. कोठडीत छळ झाल्याची तक्रार करणाऱ्या मुस्लिम आरोपींचं वकीलपत्र त्यांनी घेतलं होतं, आणि मार्च २००४ मध्ये ते बँकॉकमधून गायब झाले. २०१३ मध्ये अर्जेंटिनात लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्यांच्या मुलांच्या संघटनेला. २०२० मध्ये इंडोनेशियाच्या बेजो उंतुंग यांना. १९६५-६६ च्या कत्तलीतल्या सामूहिक कबरी शोधून त्यांची नोंद करण्याचं काम ते करतात. सारे नोंद ठेवणारे लोक.

म्हणूनच हे पत्र मी तुम्हाला लिहिते आहे, कारण आपल्या तालुक्यांत नोंद ठेवणारे तुम्हीच आहात. अर्ज तुम्ही लिहिता, बातमी तुम्ही देता, दाखल्यावर सही तुमची असते.

नावं कोणाची, असं विचाराल. मोठं काम शोधायला जाऊ नका. विदर्भात गावाच्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवताना ज्यांनी ग्रामसभेत बसून प्रत्येक ठराव एकमताने होईपर्यंत तीन-तीन रात्री वाट पाहिली, ती माणसं डोळ्यांसमोर आणा. बीडकडे बघा. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय राज्यभर गाजला, चौकशी समिती नेमली गेली. पण त्याच्या कितीतरी आधी कोणीतरी एक आशाताई वस्तीवर फिरून, कोणाची पिशवी कुठल्या वयात काढली हे बायकांना विचारत असेल. तिला शोधा. आमच्या रायगडात माणसाला वाळीत टाकतात. त्याविरुद्धचा कायदा झाला २०१६ मध्ये, पण कायद्याआधीही वाळीत टाकलेल्या घरी मयताला खांदा द्यायला जाणारा एखादा शेजारी होता. ग्रामसभेचं रजिस्टर नंतर घरोघरी फिरवून सह्या गोळा करायची जी पद्धत आहे, तिला नकार देणारी एखादी पंचायत सदस्यही मला यात हवी आहे. पुरस्कार देणारे लोकशाही म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात निवडणुका असतीलच; २०१६ मध्ये त्यांनी निर्दोष निवडणुकांसाठी लढणाऱ्या मलेशियातल्या 'बर्सिह' या आघाडीला मान दिला होता. पण सह्यांचं ते रजिस्टर हीसुद्धा लोकशाहीचीच गोष्ट आहे, आणि ती त्यांना कोणीतरी नीट समजावून सांगायला हवी.

आता लिहायचं कसं, याबद्दल बोलते. इथे माझा अनुभव तुमच्या कामी येईल.

आपल्याकडून जाणारी शिफारसपत्रं मी पाहिली आहेत. 'ताईंनी आपलं संपूर्ण आयुष्य समाजासाठी वाहिलं.' 'वंचितांच्या जीवनात प्रकाश आणला.' असं वाक्य कोणाच्याही नावापुढे चालतं, म्हणून ते कोणाच्याच उपयोगाचं नसतं. आपण प्रतिज्ञापत्राच्या शेवटी काय लिहितो? 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे.' तसंच लिहा. स्वतः पाहिलं ते वेगळं, ऐकलं ते वेगळं. कोणत्या महिन्यात, कोणत्या वीटभट्टीवरून, वेठबिगारीतली किती कुटुंबं बाहेर काढली, प्रांत अधिकाऱ्यांकडून मुक्ततेचे दाखले किती जणांना मिळाले आणि किती जणांना आजही मिळालेले नाहीत. हरलेल्या केसही लिहा. जिचं नाव पाठवता ती बाई कोणाशी भांडली, कोणत्या वेळी चुकली, हेही लपवू नका. म्यानमारच्या आंग सान सू ची यांना हाच पुरस्कार २००४ मध्ये दिला होता. तेव्हा त्या नजरकैदेत होत्या. २०१३ मध्ये ग्वांगजूला येऊन त्यांनी तो स्वीकारला. आणि रोहिंग्यांवरच्या अत्याचारांच्या वेळी त्या गप्प राहिल्या म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये प्रतिष्ठानने तो काढून घेतला. मला तो निर्णय योग्य वाटतो. आपण माणसाचा देव करून पाठवला, तर त्या माणसावरही अन्याय आणि वाचणाऱ्यावरही.

अर्ज इंग्रजीत करावा लागतो. ती अडचण मोठी आहे हे मला कळतं, पण तिच्यापायी थांबू नका. आधी मराठीत लिहा, अगदी बोलता तसं. त्या व्यक्तीची स्वतःची चार वाक्यं तिच्याच बोलीत लिहून घ्या. भाषांतर करून देणारी शिकलेली मुलं आता प्रत्येक तालुक्यात आहेत आणि मीही करून देईन. उलट क्रमाने गेलात, म्हणजे आधी इंग्रजी नमुना घेऊन त्यात माणूस बसवायला निघालात, की पुन्हा तेच 'प्रकाश आणला' येतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगते. ती सांगणं मला जड जातं.

बारा वर्षांपूर्वी मी एका बाईचं नाव अशाच एका पुरस्कारासाठी पाठवलं होतं. पुरस्कार आपल्याच राज्यातला होता. ती कातकरी, चाळिशीची, वीटभट्टीवर नवऱ्याबरोबर विटा पाडणारी. त्यांनी पावसाळ्यात मालकाकडून पैसे अंगावर घेतले होते आणि तीन हंगाम राबूनही ते फिटत नव्हते. दर आठवड्याला हातात पडायची ती खर्ची. तिला लिहिता येत नव्हतं, पण तिची मुलगी पाचवीत होती. त्या मुलीच्या शाळेच्या वहीत, मागच्या पानांपासून उलट्या क्रमाने, दर आठवड्याची खर्ची आणि पाडलेल्या विटांचा आकडा आईने लिहून घेतला होता. मालकाच्या चोपडीत वेगळंच होतं. प्रांतांसमोर ती वही आम्ही ठेवली. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. मी तो कॉलेजात पाठ केला होता, पण तो वापरायचा कसा हे मला त्या वहीने शिकवलं. त्या वर्षी तिच्यासह अकरा कुटुंबं सुटली. पुढच्या दोन वर्षांत ती आजूबाजूच्या पाड्यांवर जाऊन शाळेतल्या मुलांना अशाच वह्या ठेवायला सांगू लागली.

मी भारावले आणि नाव पाठवलं. तिला विचारलं नाही. वाटलं, आनंदच होईल. आलेल्या नावांची बातमी एका स्थानिक दैनिकात छापून आली, पाड्याच्या नावासकट. चार दिवसांनी ती माझ्या ऑफिसात आली, खुर्चीवर बसली नाही, दारातच उभी राहिली.

"वकीलबाई, माझं नाव कुठं कुठं गेलंय?"

मी सांगू लागले. ती म्हणाली, "परवा रातच्याला दोन गाड्या आल्या पाड्यावर. मालकाची मानसं व्हती. आमच्या तिथं रातीला लाइट नाय. तुमचं पुरस्कारवालं रातीला येतील काय राखायला?"

मला उत्तर देता आलं नाही. ते कुटुंब महिनाभर नातेवाइकांकडे दुसऱ्या तालुक्यात राहिलं. मुलीची शाळा तेवढा काळ बुडाली. पोलिसांत तक्रार मी दिली, नाव मागेही घेतलं, पण त्या रात्री त्या पाड्यावर जी भीती पसरली ती माझ्या सहीने पसरली होती. प्रतिज्ञापत्र करताना पक्षकाराला वाचून दाखवल्याशिवाय मी कधी सही घेत नाही. मग तिच्याच आयुष्याचा कागद तिला न वाचून दाखवता पाठवायचा अधिकार मला कोणी दिला होता?

म्हणून विनंती आहे, आधी विचारा. पुरस्कार काय आहे, कोण देतं, नाव कुठपर्यंत पोचेल, वर्तमानपत्रात आलं तर काय होऊ शकेल, हे सगळं सांगा. एका बैठकीत होकार घेऊ नका. घरात बोलायला वेळ द्या. लिहिलेलं सगळं वाचून दाखवा आणि ती म्हणेल ते गाळा. साक्षीदारांची नावं, राहायचं ठिकाण, मुलांच्या शाळा लिहू नका. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची ओळख उघड करणं तर कायद्याने गुन्हा आहे. कागद परदेशी जातोय म्हणून तो कायदा सैल होत नाही. ती नाही म्हणाली तर विषय तिथे संपवा, आणि त्याबद्दल तिला पुन्हा कधी ऐकवू नका. एकटीच्या नावाने धोका वाटत असेल तर संघटनेचं किंवा गटाचं नाव पाठवता येतं. संस्थेच्या खात्यात परदेशातून पैसे यायची शक्यता असेल, तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा परवानगी लागते. याबद्दल आधीच जाणकार सीएशी बोला, नंतर धावपळ नको.

काही जण म्हणतील, इतकी जोखीम घेऊन मिळणार काय? शेकडो नावांतून एखादं निवडलं जातं. माझं उत्तर असं आहे. पुरस्काराने बिनायक सेन यांचा खटला संपला नाही. इरोम शर्मिला यांचं उपोषण २०१६ पर्यंत चाललं, आणि सैन्याला विशेषाधिकार देणाऱ्या ज्या कायद्याविरुद्ध त्या बसल्या तो रद्द झाला नाही. २०२१ चे मानकरी आर्नोन नाम्पा थायलंडचे वकील, म्हणजे माझ्याच व्यवसायातले. पुरस्कारानंतरही ते पुन्हा तुरुंगात गेले. इतकं माहीत असूनही मी हे पत्र लिहिते आहे, कारण नाव निवडलं गेलं नाही तरी एक कागद तयार होतो. तारखांसकट, आकड्यांसकट, तिच्या संमतीने आणि तिच्या शब्दांत लिहिलेला. तिच्याविरुद्ध उद्या खोटी फिर्याद दाखल झाली, तर ती कोण आहे हे सांगणारा काहीतरी पुरावा कोणाच्या तरी कपाटात असेल. कोर्टात असा कागद हाताशी नसल्याने मी जामीन गमावलेले आहेत. चारित्र्याबद्दल विचारलं की आपण तोंडी सांगत राहतो आणि समोरचा पक्ष छापील कागद पुढे करतो.

वेळेचं सांगते आणि आवरतं घेते. पुरस्कार मे महिन्यात, १८ मेच्या सुमाराला देतात, म्हणजे नावं सहसा त्याआधीच्या हिवाळ्यात मागवली जातात. नेमकी मुदत त्या त्या वर्षी प्रतिष्ठान जाहीर करतं, ती पाहून ठेवा. पण तुम्ही मुदतीची वाट पाहत बसलात तर उशीर होईल. दसरा उलटला की ऊसतोडीचे कोयते निघतात. दिवाळी झाली की आमच्याकडचे पाडे रिकामे होतात. घरांना काटक्या लावून माणसं भट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मग संमती कोणाला विचारणार आणि वाचून कोणाला दाखवणार? भट्टीवर मालकाच्या खोपीसमोर बसून हे बोलणं होत नाही. जे करायचं ते आत्ता, माणसं आपल्या घरी असताना करा.

मी स्वतः या आठवड्यात पुन्हा त्या पाड्यावर गेले होते. तिची मुलगी आता नर्सिंगचं शिकते आणि वह्यांचं काम तिच्या बरोबरीच्या मुली बघतात. मी त्या सगळ्यांच्या गटाचं नाव पाठवायचं म्हणते आहे, कोणा एकीचं नाही. ग्वांगजूची गोष्ट सांगितली, भाताच्या गोळ्यांचीसुद्धा. मागची चूक पुन्हा कबूल केली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, चार दिवस द्या, बायांना विचारते.

उद्या चौथा दिवस आहे.

आपली,
तालुका कोर्टातली एक वकील